शेवटचं कडवं

खंडूमामा, सप्रेम जय भीम.

सकाळपासून हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय आणि हेही पाठवणं जमेल असं वाटत नाही.

तुमचं गाणं सगळ्यांपर्यंत जावं म्हणून मी ते गाऊन त्याचा व्हिडिओ मोबाइलवरून नेटवर टाकला. नवीन कलाकारांच्या शिबिरात सर म्हणाले होते, "मॅडम, मिनिटभरापुढे कुणी थांबत नाही. कापा." मी शेवटचं कडवं कापलं. गाणं रचणाऱ्याचं नाव त्याच कडव्यात गुंफलेलं असतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. व्हिडिओखाली तुमचं नाव लिहायला जागा होती, पण मी फक्त माझंच लिहिलं. आता लोक म्हणतात, "काय लिहिता हो ताई!" आणि मी आभार मानते.

काल चाकणहून, कंपनीच्या कँटीनमधून तुमचा फोन आला. "मिनल, झकास गायलीस गं! पण शेवटचं कडवं विसरलीस व्हय?"

"हो मामा, विसरले."

तुम्ही हसलात. "घरातली पहिली ग्रॅज्युएट, अन् पाठांतर असलं! घे लिहून."

तुम्ही एकेक ओळ थांबून थांबून सांगितलीत आणि मला तोंडपाठ असलेलं ते कडवं मी वहीत उतरवून घेतलं. तुमचं नाव आलं, तेव्हा तुम्ही ते दोनदा सांगितलंत, चुकू नये म्हणून.

तुमची भाची,
मिनल