मागच्या दाराची खूण

बाई, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण पुष्कळदा आली, पण लिहावंसं कधी वाटलं नव्हतं. आज लिहायला बसले आहे. उद्या अकरा वाजता आमच्या रुग्णालयात नव्या नर्सेसचा सराव आहे, आणि तो मी घ्यायचा आहे. आग लागली, वायू पसरला, तर रोग्यांना कोणत्या दारानं आणि कसं बाहेर काढायचं, ते शिकवायचं. चार महिन्यांपूर्वी हे काम आलं असतं तर मी कागद वाचून दाखवला असता आणि चहा प्यायला गेले असते. आता तोच कागद सकाळपासून चारदा उघडला आणि चारदा मिटून ठेवला. हे इथे कुणाला सांगू? मी इथली इन्चार्ज आहे. सगळ्याजणी माझ्याकडे पाहून धीर धरतात.

तुम्ही इन्चार्ज होतात त्या वॉर्डात मी नवी नर्स म्हणून पहिल्यांदा आले ती एकोडी गावाहून थेट, पायात रबरी चप्पल घालून. तुम्ही माझ्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहिलंत. "सुई पडली त पायात घुसन ना वो. चपलीवर वॉर्डात येत नसतात." दोन दिवसांनी तुम्हीच पांढरे बंद बूट आणलेत आणि काही न बोलता माझ्या खुर्चीखाली सरकवलेत. मला वाटलं, बाई मायाळू आहेत. आठवड्यानंतर कळलं की बाई कडकही आहेत. तातडीच्या औषधांचा ट्रे तपासून वहीत खुणा करायचं काम तुम्ही मला दिलं होतं. रोज तेच सामान, रोज त्याच खुणा, म्हणून एके दिवशी मी टेबलाशी बसूनच सगळ्या करून टाकल्या. तुम्ही वही हातात घेतलीत. "श्वास द्यायची रबरी पिशवी. कुठं हाये, दाखव बरं." मी ट्रेकडे गेले. पिशवी नव्हती. ती तुमच्या एप्रनच्या खिशात होती. "हात लावला काय तू?" मी नाही म्हणाले. "मंग खूण कायले केली?" साऱ्या वॉर्डासमोर विचारलंत. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला क्वार्टरवर बोलावलंत. तुमचं ते एवढंसं स्वयंपाकघर, स्टोव्हचा फरफर आवाज, कोपऱ्यात तुमच्या गावाहून, आसगावहून आलेलं तांदळाचं पोतं. मला वाटलं, अजून बोलणी खायची आहेत. तुम्ही चहा गाळत होतात, पाठ माझ्याकडे. तशाच पाठमोऱ्या सांगत गेलात. तुम्ही नव्या असताना एका मुलीला ऑक्सिजन लावायची वेळ आली. वहीत सिलिंडर भरलेला होता. खरा सिलिंडर रिकामा होता. दुसरा येईपर्यंत मुलगी गेली. "सही माही होती," तुम्ही म्हणालात. "तवापासून मले भेव लागते. लोक म्हणतात बाई लय शिस्तीची. शिस्त नाई पोरी, भेव हाये. म्हणून मी हात लावून पाहतो." मी कप धरून उभी होते. घाबरलेल्या तुम्ही मला त्या एकाच दिवशी दिसलात.

तुम्ही निवृत्त झालात, माझी बदली झाली, मी स्वतः इन्चार्ज झाले आणि हळूहळू सगळं विसरले. विसरले असं नाही, टाळत गेले. महिन्याच्या महिन्याला सुरक्षेचा एक तक्ता भरून द्यावा लागतो. त्यात एक ओळ असते: मागचं दार उघडतं का? आमच्या बायकांच्या वॉर्डाला दोन दारं आहेत. पुढचं न्हाणीघराला लागून, मागचं पलीकडच्या टोकाला, शेताच्या बाजूनं. मागच्या दाराशी मी कधी जातच नव्हते. खूण मात्र दर महिन्याला करत होते.

मग तो दिवस आला. सकाळचे दहा वाजले असतील. राउंड नुकताच संपलाय. मी फायली लावतेय. आमची सफाईवाली मावशी न्हाणीघर धुतेय, बादलीचा आवाज येतोय. मग बादली पडल्याचा आवाज येतो, आणि मागोमाग असा वास की घशात कुणी काटेरी काही कोंबावं. ब्लीचिंगच्या पाण्यात तिनं संडास धुवायचं ॲसिड ओतलं होतं. डाग निघत नव्हता म्हणून, एवढंच. हे दोन्ही एकत्र करायचं नसतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. पिवळट हवा पुढच्या दारातून आत सरकताना दिसली. वॉर्डातल्या सातही बायका खोकायला लागल्या. मी ओरडले, "मागच्या दारानं! चला, मागच्या दारानं!" आणि सगळ्यात आधी मीच धावले. कडी काढली, दार ओढलं. दार हललं नाही. वरच्या कडीला कुलूप होतं.

बाई, ते कुलूप मला अजून दिसतं. लहानसं पितळी. मी ते ओढत होते, जसं काही ओढल्यानं उघडणार होतं. माझ्या मागे ऑपरेशनचे टाके पडलेली एक बाई पोट धरून उभी होती. "उघडून नाई राह्यलं काय, सिस्टर?" तिनं विचारलं, अगदी हळू. पाय जमिनीला चिकटले होते. खिडक्यांना लोखंडी गज. मी किती वेळ तशी उभी राहिले माहीत नाही. मग एका म्हातारीनं पदर तोंडावर घेतला आणि माझा हात धरून ओढलं. "अवो, चाल ना! उभी काहून राह्यली?" तेव्हा कुठे मी हलले. चादरी ओल्या केल्या, जिच्या तिच्या तोंडावर दिल्या, आणि श्वास रोखून सगळ्यांना त्याच वायूतून पुढच्या दारानं बाहेर काढलं. टाके पडलेल्या बाईला आम्ही चादरीत घालून नेलं. मावशी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली होती. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं तोंडाला दुपट्टा बांधला आणि तिला ओढत बाहेर आणलं. तिचे ओठ निळे पडले होते.

सगळ्याजणी वाचल्या. मावशीला भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, दहा दिवस ती तिकडे होती. मला लोक शूर म्हणाले. चौकशीला साहेब आले, त्यांनी तक्ता समोर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, दार तपासलं होतं का?" मी म्हणाले, "मी पाहिलं तेव्हा उघडं होतं." किती सहज निघालं तोंडातून.

मावशी परत आल्यावर एका रविवारी तिला भेटायला तिच्या घरी गेले. ती ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, दोन वाक्यांनंतर धाप लागत होती. मी तिचा हात धरला तर तीच रडायला लागली. "सिस्टर, त्या दाराले कुलूप मीच लावलं होतं. कुत्रे आत येत होते ना, बायकाइले चावन म्हणून. किल्ली माह्याच पदराले बांधून होती. कोणाले सांगजा नोको. माही नोकरी जाईन." म्हणजे आम्ही ज्या किल्लीवाचून गुदमरत होतो ती किल्ली तिच्यापाशी होती, आणि ती दहा दिवस श्वासासाठी तडफडताना हेच भेव घेऊन पडली होती. मी म्हणाले, "मावशी, ते दार मी कधी पाह्यलंच नाही. तक्त्यातली माझी खूण खोटी होती." तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "तुमालेबी भेव लागते काय?"

सोमवारी मी लेखी दिलं, की मी दार न तपासता खूण केली आणि चौकशीत खोटं सांगितलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "आता कायले, मॅडम? रिपोर्ट त गेला." मी कागद टेबलावर ठेवून आले. नोटीस मिळाली, सेवापुस्तिकेत नोंद झाली. दार बदललं. आता ते आतून ढकललं की उघडतं, कुत्र्यांसाठी बाहेर जाळी आहे. मावशीला बसून कागद सांभाळायचं काम दिलं. किल्लीचं मात्र मी लिहिलं नाही. ते बरोबर केलं की पुन्हा तेच केलं, मला ठरवता येत नाही. तुम्ही असता तर विचारलं असतं.

उद्या त्या मुलींसमोर हे सगळं सांगायचं ठरवलं आहे, माझ्या नावानं. त्यातली एखादी विचारेल, मॅडम, तुम्ही तेव्हा काय केलं? आणि मला सांगावं लागेल की मी उभी राहिले. त्याचीच भीती वाटते आहे.

हे पत्र जाणार कुठे? घडी घालून कपाटात ठेवीन. पण लिहितेच आहे तर एक राहिलंय. तुम्ही गेलात तेव्हा मी आसगावला आले नाही. ड्युटी होती असं सगळ्यांना सांगितलं. ड्युटी दोनला संपली होती. मी स्टँडवर गेलेही होते. आसगावला जाणारी पवनीची बस लागली, भरली, सुटली, आणि मी बाकावर बसून राहिले. तुम्हाला निजवलेलं पाहायचा मला धीर झाला नाही.