पंचाची चूक

तुळजापूर
८ नोव्हेंबर २०२५

ती. आक्का यांस,
धाकट्या राजपालचा सप्रेम जयभीम, वि. वि.

कालची स्नूकरची सेमीफायनल तुम्ही ढोकीत बघितलीच असेल. नवव्या फ्रेममध्ये गड्यानं लाल मारला, काळा मारला, पुन्हा लाल मारला आणि लगेच आणखी एक लालच पॉकेटात घातला! लालनंतर रंगीत बॉल मारायचा असतो हे पोरासोरांना ठाऊक. सरळ फाउल. पंच मात्र पांढरे हातमोजे घालून गप्प. मी असा ओरडलो की शेजारचा धुळाप्पा धावत आला आणि कुणी गेलं का म्हणून विचारू लागला. तुमचे कान गेल्यापासून ज्यात काही अडत नाही असा हा एकच खेळ, असं तुम्ही म्हणता. पण काल तुम्हीही ओरडला असाल.

गौरीशंकर शेठनी यात्रेकरूंची सोलापूर स्टेशनची रोजची फेरी मलाच दिली आहे. गाडी भरून जाते, भरून येते. लहानग्या पौर्णिमाला पापा. लोभ आहेच, तो वाढता ठेवा.

तुमचा,
राजपाल


ढोकी
१२ नोव्हेंबर

चि. राजपाल यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले. फाउल कुठला, वेड्या? तो बॉल लाल नव्हता, चॉकलेटी होता. आधीच्या फटक्यानं लालांच्या घोळक्यात जाऊन बसला होता. पंचानं तो पॉकेटातून काढून परत टेबलावर ठेवला, तेव्हा तू त्याला शिव्या देण्यात दंग असशील.

मग हसू थांबलं. तुझी जुनी पत्रं काढली. तीन वर्षं तू एकेक फ्रेम बॉलसकट लिहितोस, कधी चूक नाही. दिवाळीपासूनच्या दोन पत्रांत मात्र चॉकलेटीचं नावच नाही. तीस वर्षं मी दवाखान्यात नर्स होते. ओळखू येणारे रंग ओळखू येईनासे झाले तर डोळ्यामागच्या शिरेचं दुखणं असू शकतं. तंबाखूनंही होतं, आणि तुझी पुडी काही सुटत नाही. वेळेत दाखवलं तर सुधारतं. मला भीती वाटते आहे, राजा. डोळे दाखव. तोवर गाडीला हात लावू नकोस.

तुझी,
आक्का


तुळजापूर
१६ नोव्हेंबर

ती. आक्का यांस,
जयभीम, वि. वि.

टीव्ही जुना झाला आहे, रंग उतरलेत त्याचे. एका बॉलवरून तुम्ही मला आंधळा ठरवलंत. सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. शेठच्या कानावर असलं काही गेलं तर उद्या दुसरा ड्रायव्हर उभा राहील. डोळ्यांचा संशय आलेल्या माणसाला या धंद्यात पुन्हा कुणी विचारत नाही. मग मी काय करू, घरी बसून स्नूकर बघू?

आणि सिग्नलचं म्हणाल तर वरचा लाल, खालचा हिरवा, हे पाठच असतं. पुढची गाडी थांबली की आपण थांबायचं. हे पत्र कुणाला दाखवू नका.

तुमचा,
राजपाल


ढोकी
२० नोव्हेंबर

चि. राजपाल यास,
आशीर्वाद.

सिग्नलचं मी काही विचारलंच नव्हतं. ते तुझं तूच लिहिलंस. पुढं गाडीच नसली तर काय करतोस रे?

शेठना मी कळवणार नाही. येत्या गुरुवारी नातीला घेऊन तुळजापूरला येते. पौर्णिमाला सोलापूरची आगगाडी बघायची आहे. तुझ्याच गाडीत, तुझ्या मागच्या सीटवर, तिला मांडीवर घेऊन बसेन. डोळे धड आहेत असं वाटत असेल तर चालव.

तुझी,
आक्का


तुळजापूर
२५ नोव्हेंबर, मंगळवार

ती. आक्का यांस,
जयभीम.

गुरुवारी येऊ नका. पोस्टानं उशीर होईल म्हणून हे पत्र धुळाप्पाच्या हाती पाठवतो आहे.

आज सकाळी शेठच्या हातात गाडीची किल्ली दिली आणि सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की, लई दिवस झाले का रं. दिवाळीपासून, असं मी खरं सांगितलं. उद्या सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. नजर परत येईल की नाही, हीच धास्ती आहे. पुडी गटारात टाकली.

पण तुमच्यापासून एक लपवत नाही. तुमचं पत्र शनिवारीच मिळालं होतं. पौर्णिमाचं नाव वाचलं. तसाच शेठकडे जाऊन रजा मागितली. फक्त गुरुवारची, आक्का. रविवारी आणि सोमवारी गाडी भरून लोक नेले, आणले. काल स्टेशनवर एक बाई लेकराला घेऊन चढली आणि माझ्या मागच्या सीटवर बसली. त्या लेकराच्या हसण्यानं मला कळलं की मी रजा कुणासाठी मागितली होती आणि कुणासाठी नाही. तिथून तुळजापूरपर्यंत बैलगाडीसारखी गाडी आणली.

एवढं वाचूनही लोभ ठेवाल का?

तुमचा,
राजपाल