विजयश्रीच्या मागचा नंबर

हैदराबाद, शुक्रवार

पप्पांना नेहाचा जय भीम.

आई फोन स्पीकरवर ठेवते आणि शेजारी नवी वहिनी असते, म्हणून हे कागदावर लिहितेय.

मी मजेत आहे. मेसचं जेवण चांगलं आहे, फक्त भाताचा मारा असतो. तुमची बीपीची गोळी चालू आहे ना?

एअरलाइनने माझ्या बॅचच्या विजयश्रीला आणि मला रुजू व्हायला दोन तारखा दिल्या होत्या, तीन किंवा सतरा. दादाचं लग्न दहाला, म्हणून मी सतरा सांगितली. ती तीनला हजर झाली. आता कळलं, पायलटची सिनिऑरिटी त्या तारखेवरच ठरते. आधी कॅप्टन तीच होणार, दिवाळीची सुट्टी आधी तीच निवडणार, अगदी रिटायर होईपर्यंत. सिम्युलेटरवर माझं लँडिंग तिच्याहून चांगलं होतं, सरसुद्धा म्हणतात. "अगं, चौदाच दिवस तर," असं ती म्हणाली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

लग्नाला थांबल्याचं वाईट वाटत नाही. तरी दादाला यातलं काही सांगू नका.

आत्याच्या लग्नामुळे तुम्ही चाकणच्या कंपनीत एक दिवस उशिरा लागलात आणि धोंडीबाकाकांचा टोकन नंबर कायम तुमच्या आधी राहिला. जेवताना तुम्ही ते काढलंत की मी हसायचे. चुकलंच माझं.

तुमच्या निरोप समारंभात हार त्यांनीच घातला आणि तुम्ही हसत त्यांना मिठी मारलीत. ते कसं जमवलंत, तेवढं लिहून कळवा. पुढच्या महिन्यात विजयश्रीच्या खांद्यावर माझ्या आधी को-पायलटच्या पट्ट्या लागतील, तेव्हा मला टाळ्या वाजवायच्या आहेत.

तुमची,
नेहा