ढगावरचा ठिपका

९ मे, रविवार दुपार

लाडक्या माऊमावशीस,

भिंगरीचा नमस्कार. वाकून केलाय, कंबर दुखेपर्यंत. फोनवर तू लगेच रडतेस आणि मग मला काही सुचत नाही, म्हणून पत्र.

मी मजेत आहे. जेवते, झोपते, मामीशी भांडते. मामाच्या शिवणघरात सध्या मुलांच्या नाटकासाठी ढग शिवतोय आम्ही. पांढऱ्या जाळीचे, आत कापूस भरलेले, खाटेएवढाले. एकेक झाला की मामा तो छताला टांगतो. पंख्याच्या वाऱ्यावर ते हळूहळू हलतात आणि दुपारी त्यांच्या सावल्या आमच्या हातांवरून फिरत राहतात. मशिनी थांबल्या की अख्खी खोलीच तरंगतेय असं वाटतं. कधीकधी त्यात मला आई दिसते. बोलत नाही, नुसती सुईत दोरा ओवत बसलेली असते.

गोळी वेळेवर घेते. न्हाणीघरात, नळ सोडून, तू सांगितलंस तशीच. म्हणजे परवापरवापर्यंत तशीच घेत होते.

आता खरं सांगते, रागावू नकोस.

गेल्या सोमवारी माझ्या बोटात सुई घुसली आणि ढगावर लाल ठिपका पडला. इथली रीत अशी, की ज्याचं रक्त त्यानंच थुंकी लावायची, डाग निघतो. कापड बेतणाऱ्या मोठ्या बाई म्हणाल्या, "बघत काय बसलीस? थुंकी लाव!" आणि माझं बोट दाबायला पुढे आल्या. मी किंचाळले, "हात लावू नका मला!"

हात लावल्यानं काही होत नाही, हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. गोळ्यांमुळे माझ्या रक्तात विषाणू तपासणीतही सापडत नाही, असं डॉक्टरबाई दर वेळी सांगतात. तरी ओरडले मीच.

मशिनी थांबल्या. मामानं विचारलं, "काय झालं गं?" थाप मारता आली असती. पण माऊ, आपण किती घरं बदलली! कुणी कुजबुजलं की तू सामान बांधायला घ्यायचीस. मला या खोलीतून जायचं नव्हतं. सांगून टाकलं. मला जन्मापासून एचआयव्ही आहे, आईकडून आलाय.

मामा टेबलामागून माझ्यापाशी आला. "म्हणजे ताईला न्यूमोनिया नव्हता?"

मी म्हटलं, "नाही." मग तो लहान मुलासारखा रडला, सगळ्यांदेखत. माझ्यावर नाही, तुझ्यावर चिडलाय. "माझी बहीण कशानं गेली, ते मलाच कळू दिलं नाही!" बोलणी खायची तयारी ठेव.

शेवटी मोठ्या बाईच म्हणाल्या, "रडून झालं असेल तर डाग काढा. वाळला की बसा बोंबलत." मीच थुंकी लावून काढला. रक्त लागलेली सुई इथे टाकतातच, कुणाचंही असो. मला दुसरी मिळाली.

सगळंच गोड झालं नाही. काजं करणाऱ्या काकूंनी आपलं स्टूल खिडकीपाशी नेलं, कपही घरून आणतात. मामी म्हणाली, चला, डॉक्टरबाईंनाच विचारू, तर "बघू" म्हणाल्या. मला वाईट वाटतं. खूप वाटतं. काल त्यांनी न बघता माझ्याकडे कात्री सरकवली, तेवढंच.

आणि मामा! वेळ झाली की बेतायच्या टेबलावरून ओरडतो, "भिंगरे, गोळी घेतलीस का?" गिऱ्हाइकांसमोरसुद्धा! लाजून चूर होते मी. पण खरं सांगू? माझ्याबद्दल इतक्या मोठ्यानं कधी कुणी काही विचारलंच नव्हतं.

तू लपवलंस ते मायेपोटी, हे काय मला कळत नाही? तुझ्याइतकं मला कुणी जपलं नाही. पण तूही किती वर्षं कुणाशी मोकळेपणी बोलली नाहीस गं. मामाचा राग तुला पाहिलं की विरघळेल. माझं सामान बांधायला येऊ नकोस, माऊ. तुझं घेऊन ये.

आता कुठेच न जाणारी,
तुझी भिंगरी