कोपरा तुटलेला ट्रे

आई, चार वाजता मीटिंग आहे आणि आत्ता सव्वादोन वाजलेत. डबा उघडून ठेवलाय, त्यातली भेंडी कधीच गार झाली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आधी खा, मगे रडत बस." पण घास उतरतच नाही, त्याला मी काय करू? तुला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण आज मला सुटायची सोय आहे आणि ती फार सोपी आहे. खोटंसुद्धा बोलायला नको, नुसतं गप्प बसायचं. माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, वर्षभरापूर्वी लागलेली, अजून कायम न झालेली. शुक्रवारी आमच्याकडे मोठी गडबड झाली, ती तिच्यामुळे झाली असं सगळे धरून चाललेत आणि चार वाजता तिला ठेवायचं की काढायचं ते ठरणार आहे. गडबड तिच्यामुळे झालेली नाही, माझ्यामुळे झालीय. हे शनिवारी दुपारपासून मला माहीत आहे आणि आज सोमवार आहे.

तू नेहमी विचारायचीस, ऑफिसात तू करतंस तरी काय गो? मी म्हणायचे, कॉम्प्युटरचं काम, आणि विषय बदलायचे. आज नीट सांगते. तुझ्याच लाइनीसारखं आहे, तुला लगेच कळेल. अंधेरीच्या एमआयडीसीत, तुमच्या इंजेक्शनच्या कारखान्यात, बाया एका रांगेत बसायच्या ना? पहिली बघायची बाटलीत काचेचा कण किंवा कचरा आहे का, दुसरी बघायची औषध खुणेपर्यंत भरलंय का, तिसरी झाकण. प्रत्येकीचं काम एवढंसं, पण प्रत्येक बाटली सगळ्यांच्या हातांखालून गेलीच पाहिजे. आमच्याकडे बाटल्यांऐवजी पॅकेट असतात. कोणी फोनवर काही बघतं, कोणी रिपोर्ट पाठवतं, ते सगळं बारीक तुकडे होऊन येतं, त्या एकेका तुकड्याला पॅकेट म्हणायचं. संगणकाच्या अगदी आतल्या गाभ्यात, ज्याला आम्ही कर्नेल म्हणतो, तिथे दारातच आमचे छोटे छोटे प्रोग्रॅम रांगेने बसवलेले असतात. पॅकेट आलं की पहिला बघतो, वाईट असेल तर तिथल्या तिथे फेकतो, बरं असेल तर दुसऱ्याकडे जातं. सेकंदाला लाखो. आत शिरण्याआधी प्रत्येक प्रोग्रॅमची झडती होते. हा कुठे गोल गोल फिरत तर बसणार नाही ना, दुसऱ्याच्या वस्तूला हात तर लावणार नाही ना, अशी. तुमच्या सुपरवायझरबाई परवडल्या इतकी ती झडती कडक. पण ती एकेकट्याची होते. रांग नीट लागलीय का, ते कोणी तपासत नाही. ते माणसाने बघायचं.

आणि मी बघितलं नाही. आमचं एक गिऱ्हाईक आहे, त्यांच्या यंत्रणेवरून बऱ्याच हॉस्पिटलांना रक्ताचे न् स्कॅनचे रिपोर्ट दिसतात. गुरुवारी त्यांची तक्रार आली की आमच्या ओळखीच्या हॉस्पिटलांनाही तुमच्या दारात उशीर होतो. मी म्हटलं, हात्तिच्या, एक छोटा प्रोग्रॅम लिहिते. ओळखीचा पत्ता दिसला की बरा म्हणायचं. तो रांगेत सगळ्यात पुढे बसवला. चाचणी करताना मला फक्त माझाच प्रोग्रॅम बघायचा होता, म्हणून एक ओळ घातली होती की याने बरा म्हटल्यावर पुढच्या कोणाला बोलवू नका. ती ओळ चाचणी झाली की काढायची असते. राहिली. एवढंच. वीस वर्षं हे काम करतेय आणि ती ओळ राहिली.

शुक्रवारी सकाळी त्या ओळखीच्यातल्याच एका ठिकाणचं मशीन बिघडलं आणि खोट्या पॅकेटांचा नुसता पूर सोडायला लागलं. दुसऱ्या जागेवर त्या मुलीचा प्रोग्रॅम बसलेला आहे, त्याचं कामच ते, कोण किती पाठवतो ते मोजायचं आणि जास्त झालं की अडवायचं. पण त्याच्याकडे पॅकेट गेलंच नाही. माझ्याने बरा म्हटलं आणि सगळं सरळ आत. तीन तास रिपोर्ट बंद! सकाळी व्हायच्या शस्त्रक्रिया संध्याकाळवर गेल्या, लोक उपाशीपोटी गाउन घालून बसून राहिले. माणूस कोणी दगावलं नाही, ते नशीब. नंतर आकडे काढले तर त्या तीन तासांत तिच्या मोजणीत त्या पत्त्यासमोर शून्य. आमचा साहेब म्हणाला, "अरे शून्य आहे म्हणजे हिचा प्रोग्रॅम झोपलेला होता ना! यात बघायचंय काय?" आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही रिपोर्ट लिहून टाका, मॅडम." मी मान हलवली. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, शपथ.

शनिवारी रांग पुन्हा लावून बघितली आणि ती ओळ दिसली. आणि मग मी काय केलं सांगू? लॅपटॉप बंद करून मुलुंडच्या बाजारात जाऊन कोथिंबीर निवडत बसले. रविवारीही कोणाला फोन केला नाही. तिकडे ती पोरगी दोन दिवस डोळ्यांत तेल घालून स्वतःचाच प्रोग्रॅम वाचतेय. आज सकाळी माझ्या टेबलाशी आली, चेहरा एवढासा झालेला. म्हणाली, "मॅम, मी एकेक ओळ पाच वेळा वाचली. मला चूक सापडतच नाहीये. म्हणजे बहुतेक मला हे जमतच नाही. मीच सोडते ना, तुम्हाला कशाला त्रास."

मी "बघू" म्हटलं. बघू! आई, तू ऐकलं असतंस तर मुस्काटात दिली असतीस. पण माझा जीव खाल्ला तो तिच्या शब्दांनी. असंच तुझ्या तोंडून मी ऐकलंय, नि असंच गप्प बसून.

मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट. तू रांगेत पहिली होतीस. अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी समोर, वर दिवा, आणि बाटली हलकेच कलती करून आधी काळ्यावर धरायची, मग पांढऱ्यावर. काचेचा कण काळ्यावर चमकतो, कचरा पांढऱ्यावर दिसतो, हे तू मला मरोळच्या खोलीत खोबरेल तेलाची बाटली धरून शिकवलं होतंस. तुमच्याकडची टाकून दिलेली तशी एक पाटी तू घरी आणलीस, मी तिच्यावर गणितं सोडवायचे, ती आत्ता या टेबलावर माझ्यासमोर आहे. बाजूची बाई आळस करायला लागली की तू म्हणायचीस, "तिना बघल्यान म्हणान आपण सोडूचा नाय." आणि त्या वर्षी एक ट्रे तसाच पुढे गेला. शेवटच्या तपासणीत त्यात तीन बाटल्यांत काच निघाली. ट्रे कोणी तपासला त्याची चिठ्ठी त्यावर नव्हती. तुझ्या जागेवर दुपारनंतर शेजारची मावशी बसायची, तिच्यावर आळ आला, ती बिचारी रडायला लागली. आणि तू उठून उभी राहिलीस. "ट्रेचो कोपरो तुटलेलो आसा. तो सकाळी माझ्याकडे होतो. माका दिसला नाय." एवढंच बोललीस. हे मला मावशीने सांगितलं, तू नाही.

तुला दिव्यासमोरून उठवून मागे खोकी दुमडायला बसवलं. ते तू सोसलंस. पण त्या दिवशी घरी आलीस, चष्मा काढून मांडीवर ठेवलास आणि म्हणालीस, "डोळे गेले गो माझे." त्यानंतर तू सुई ओवली नाहीस. तांदळाचं सूप माझ्यापुढे सरकवायचीस, "तू निवड, माका दिसणा नाय." चष्म्याच्या दुकानात चल म्हटलं की तुझा चेहरा उतरायचा, डॉक्टर खरंच तसं म्हणाला तर, म्हणून. मी तांदूळ निवडायचे. बारावीपर्यंत, कॉलेजात, नोकरी लागल्यावरसुद्धा, तुझ्यासमोर बसून खाली मान घालून तांदूळ निवडायचे.

साडेतीन झाले. मी जाते. बाकीचं आल्यावर लिहिते, नाहीतर लिहीत नाही.

सहा वाजत आलेत. सांगितलं मी. खोलीत शिरल्याबरोबर, पाणीसुद्धा न पिता. ती ओळ पडद्यावर लावली आणि म्हटलं, ही माझी, गुरुवारची, हिच्या प्रोग्रॅमकडे काही गेलंच नाही तर तो मोजणार काय. साहेबाने ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाला, "कमाल करता मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." रिपोर्टवर माझं नाव आलं, दाराचं काम माझ्याकडून काढून घेतलं, यंदा जी बढती व्हायची होती ती गेली. मुलगी राहतेय. पण तुला वाटेल ती माझ्या गळ्यात पडली, तर तसं काही नाही. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मॅम, तुम्हाला कधी कळलं?" मी म्हटलं, शनिवारी. "आणि सकाळी मी तुमच्यासमोर उभी होते, तेव्हा?" मी होकारार्थी मान हलवली. "मी काल घरी सांगून टाकलं होतं की मी नालायक आहे म्हणून," ती म्हणाली आणि बॅग उचलून निघून गेली. बरोबर केलं तिने. मला तिचा रागसुद्धा आला नाही, लाज तेवढी वाटली.

दोनच दिवस, आई. तिचे मी दोनच दिवस खाल्ले. तुझी किती वर्षं?

शेवटी तू हॉस्पिटलात होतीस तेव्हाचं आठवतंय ना? तू उताणी पडलेली, चष्मा नाही, काही नाही, आणि वरच्या सलाइनच्या बाटलीकडे टक लावून बघत होतीस. नर्सला म्हणालीस, "त्याच्यात काय तरी आसा." ती हसली. तू हट्टच धरलास, तेव्हा तिने बाटली काढून उजेडात धरली आणि खरंच, केसाएवढा एक तंतू तरंगत होता. ती गडबडीने बाटली बदलायला पळाली. तू माझ्याकडे वळलीस. इतकी आनंदली होतीस, लहान पोरीसारखी. "माका कसा दिसला गो?" मी तुझी चादर सारखी केली आणि विचारलं, पाणी हवंय का.

आता सांगते. तो ट्रे गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी तू पाण्याला गेली होतीस. मी तुझा जवळचं बघायचा नवा चष्मा लावून आरशासमोर मास्तरीण झाले होते. तो मोरीच्या दगडावर पडला आणि एक काच तडकली. जुना चष्मा ट्रंकेत होता, तशाच तपकिरी फ्रेमचा, जुन्या नंबरचा. मी तो तुझ्या डबीत ठेवला आणि फुटका कागदात गुंडाळून नाल्यात टाकला. तुझ्या माराच्या भीतीने, दुसरं काही नाही. पुढे तू एकदा विचारलंस, जुनो चष्मो खंय गेलो गो? मी म्हटलं, भंगारवाल्याला दिला. तेव्हा तो तुझ्या नाकावर होता.

हे पत्र मी कुठे टाकणार? इथेच त्या पाटीच्या मागे खोचून ठेवते आणि घरी जाते. तुला तो तंतू दिसला, कारण तुला दिसत होतं. तुझे डोळे कधीच गेले नव्हते, आई.