लवकर बरे व्हा, म्हणले तुला

दादा रे,

ही काय तुला पत्र लिहायची वेळ आहे का? तू जाऊन बारा दिवस झाले, जलदान विधीही उरकला. पण काल संध्याकाळी टीव्हीवर जे झालं, ते तुला सोडून कुणाला सांगू?

तुला बक्षीस मिळालं! विनोदी मालिकेतला सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेता. दोनदा नुसतं नामांकन झालं, दोनदा तू रिकाम्या हातानं जळकोटला आलास. तिसऱ्यांदा मिळालं, तर तूच नाहीस.

शेजारच्या शांताकाकू, त्यांच्या सुना, सगळे आपल्याकडं जमले होते. मायला म्हणलं, "बघू नको, त्रास होईल." तर ती म्हणली, "माझ्या लेकराचं नाव घेतील, मी ऐकू न्हाई व्हय?" मला वाटलं, तुझा फोटो दाखवतील, दोन शब्द बोलतील, लोक उभे राहतील.

नाव पुकारलं. पडद्यावर तुझा कॅन्टीनवाला बब्रू साहेबांच्या फाइलीवर चहा सांडताना दिसला, लोक हसले. मग मालिकेतले ते साहेबच स्टेजवर गेले, तुझी ट्रॉफी घेतली आणि हसत म्हणले, "मिलिंदराव, आजारपणाचं नाटक पुरे आता! लवकर बरे व्हा, सेटवर चहा कुणी नीट करत नाही." आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायलं!

बरे व्हा? कुणाला म्हणले ते? शांताकाकू "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवून बसल्या. मायनं माझ्याकडं बघितलं. "सुजा, त्यायला सांगितलं न्हाईस?"

सांगितलं होतं रे दादा! तू सुट्टीला घरी आलास, सकाळी अंगणात कोसळलास, उदगीरला पोचायच्या आधीच सगळं संपलं. तुला घरी आणलं आणि तुझा फोन वाजला. मालिकेचे मॅनेजर होते. मी म्हणलं, "दादा लई सिरीयस हाय, लगेच निघा." आपल्याकडं फोनवर याच्यापेक्षा जास्त कुणी सांगतं का? देगलूरच्या मावशीला हेच सांगितलं, ती पांढरं लुगडं नेसूनच उतरली. नांदेडचे काका हार घेऊनच आले. कोणत्या दवाखान्यात ठेवलंय, असं एकानं तरी विचारलं? बाबांच्या वेळी तुलाही मी मुंबईला असाच फोन केला होता. तू रडतच गाडीतून उतरला होतास.

मॅनेजर म्हणले, "अरे बापरे! शूटिंगचं टेन्शन घेऊ नका म्हणावं त्यांना." माझं डोकंच फिरलं. इथं माणूस गेला आणि यांना शूटिंग सुचायलंय! रागारागात तुझा फोन बंद करून कपाटात टाकला. बारा दिवस त्या लोकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. इतकी वर्षं यांच्यासाठी राबला, साधा एक हार पाठवला नाही! आणि ती बिचारी माणसं तिकडं तू बरा व्हायची वाट बघायली होती.

आज सकाळी फोन चालू केला. ढीगभर निरोप. मेकअपवाल्या ताईंनी लिहिलंय, "बब्रूभाऊ, तुमची मिशी जपून ठेवलीय." लेखक लिहितात, "तुमच्यासाठी अख्खा एक भाग लिहिलाय." अख्खा भाग, दादा! तुला दोन वाक्यांच्या वर कधी मिळालं होतं का रे?

खरं सांगू? मला त्या बब्रूची लाज वाटायची. माझ्या शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका त्याच्यासारखं बोलून मला चिडवायच्या, म्हणून मी टीव्हीच लावायची नाही. तू फोनवर विचारायचास, "कालचा भाग बघितलास का?" मी म्हणायची, लाइट नव्हती. किती वेळा म्हणले असेन! तुला कळत होतं ना?

पण तूही काही कमी नाहीस. छातीत दुखत होतं तर सरळ का नाही सांगितलंस? "अ‍ॅसिडिटी हाय गं, सोडा आण," म्हणे! आणि मी येडी सोडा आणायला गेले. ते मला या जन्मात विसरायचं नाही.

ते निरोप वाचत होते, तेवढ्यात मॅनेजरांचा फोन आला. "ताई, उद्या आम्ही पाच जण ट्रॉफी घेऊन जळकोटला येतोय. मिलिंदरावांना सांगू नका हं, त्यांचा चेहरा बघायचाय आम्हाला!" आणि काय म्हणले असेन मी? "या." एवढंच!

माणसं हसत, पेढे घेऊन येतील आणि दारातून आत बघतील तर भिंतीवर हार घातलेला तुझा फोटो! असं कुणाला कळावं का रे?

माय शेजारी येऊन बसलीय. म्हणली, "तुला जमत नसलं तर दे फोन. मी सांगते, माझं लेकरू मेलं म्हणून."

नाही दादा. तिच्या तोंडून ते वदवणार नाही, हा माझा शब्द. ते मुंबईहून निघायच्या आधी मीच सांगणार. "सिरीयस हाय" नाही, "तब्येत जास्त हाय" नाही. माझा भाऊ मेला, असंच म्हणणार. बारा दिवसांत हे मी एकदाही म्हणलेलं नाही, दादा. स्वतःलासुद्धा नाही.

फोन लावते. जय भीम.

तुझी,
सुजा