निळ्या टेबलक्लॉथपायी

प्रिय निएवेस,

तुझं पत्र सोमवारी हाती आलं आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. नोव्हेंबर ते मार्च! तू, योर्ग, दोघी पोरी, अख्खं बिऱ्हाड! ब्रेमेनच्या अंधाराला कंटाळलात, योर्गला काम कुठूनही करता येतं, फ्रीडाला नि लोट्टेला आजीची भाषा यायला हवी, सगळं पटलं मला. चांगलं केलंस. तुझ्या आईच्या घराची दारं-खिडक्या दोन वर्षांनी उघडतील. किल्ली माझ्याकडेच आहे, दार समोरच आहे, तेव्हा तू विचारलेल्या सतरा गोष्टींची उत्तरं जमतील तशी देते. फक्त एक गोष्ट आधी सांगून टाकते. खालच्या दुकानवाल्या हेनारोने पाठवलेल्या कागदावर सही करू नकोस. केली असशील तर टपालात टाकू नकोस. का, ते शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर बाकीचं पत्र तू वाचायची नाहीस.

पहिलं थंडीचं. योर्गला म्हणावं, ‘स्पेनमध्ये कसली आलीय थंडी’ हे डोक्यातून काढ. बाहेर कोवळं ऊन आणि घरात ओल, असा आपला कादिसचा हिवाळा. भिंतींना मीठ सुटतं, चादरी वाळल्या तरी ओल्याच लागतात. लोकरीचे मोजे भरपूर आणा. गोल टेबलाखालची शेगडी मी लावून बघितली, चालते. टेबलाचा जमिनीपर्यंतचा जाड झगा एका बाजूला जळलाय, पण तो उद्योग तुझाच. चौदा वर्षांची होतीस आणि सिगारेट लपवत होतीस. तुझ्या आईला, रेमेला, कळलं नव्हतं, मला कळलं होतं. सगळ्यांनी एकाच झग्याखाली पाय घालून बसायचं म्हटल्यावर योर्ग आधी लाजेल, पण आठवडाभरात शहाणा होईल. त्या टेबलापाशीच जेवायचं, अभ्यास करायचा, भांडायचं. बाकीच्या खोल्यांत हिवाळ्यात फक्त झोपायला जायचं असतं, हे तू विसरली नसशील.

गॅसचा सिलिंडर मंगळवारी नि शुक्रवारी येतो. गाडीवाला खालून बोंबलतो, पण चौथ्या मजल्यावर चढवायचा म्हटलं की त्याची कंबर दुखायला लागते. तेव्हा तो योर्गच आणेल. सामान बेताचं आणा. पायऱ्या एकाहत्तर आहेत आणि तिसऱ्या वळणावर मोठी बॅग फिरत नाही. शाळेचं म्हणशील तर कोपऱ्यावरच्या नन्सच्या शाळेत दोघींना घेतील, बेकरीतल्या सोलेने विचारून ठेवलंय. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात पालिकेत जाऊन राहत्या पत्त्याचा दाखला घे, तेवढं लागतं. फेब्रुवारीत अभ्यासाची अपेक्षा ठेवू नकोस. कार्निव्हलमध्ये इथल्या मास्तरणीच मिशा लावून फिरतात, पोरींचं काय घेऊन बसलीस! दोघींसाठी काय सोंग शिवायचं ते आत्तापासून कळव, माझं मशीन अजून धडधाकट आहे.

आता तू जे अगदी सहज लिहिलंस त्याकडे येते. ‘मावशी, तू रोज सकाळी किनाऱ्यावर जातेस ना, तिथे पोरींना नेशील ना?’ निएवेस, मी जात नाही. गेली दोन वर्षं मी तुला लिहीत आले की आज वारा होता म्हणून लवकर परतले, आज अमक्याची बोट दिसली, आज मासळीवाल्याशी भांडले. सगळ्या थापा. ते सगळं सोले मला खालून ओरडून सांगते. मी टोपली दोरीला बांधून खाली सोडते, ती तिच्यात पाव टाकते, औषध टाकते, वर तोंड करून चार गोष्टी सांगते, आणि मी त्या तुला लिहून पाठवते. गुडघे गेले आणि मागोमाग छातीही दगा द्यायला लागली. शेवटची खाली उतरले ती तुझ्या आईला पोचवायला. आठवतं ना, परत वर चढायला मला सव्वा तास लागला होता आणि तू पाठीला हात लावून मागे होतीस? ‘मावशी, जरा बसू या,’ असं तू प्रत्येक वळणावर म्हणत होतीस. त्यानंतर मी हा जिना फक्त वरूनच बघितलाय.

तुला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही, असं म्हणणार होते, पण तेही खरं नाही. मला लाज वाटत होती. चार भिंतींची सवय होते म्हणतात. कसली होते! जीव नुसता कोंडतो. गल्लीतल्या सगळ्यांची टाळकी मी वरून ओळखते, कोणाला टक्कल पडतंय, कोणी केस रंगवलेत, सगळं पाठ झालंय, पण चेहरे विसरत चाललेय. कधी कधी भर दुपारी दार उघडून पहिल्या पायरीवर पाय ठेवते, कठडा धरते, आणि खाली बघत उभी राहते. मग दार लावून घेते. सोलेला रोज विचारते, ‘आज समुद्राचा रंग कुठला गं?’ ती म्हणते, ‘पाण्यासारखा! कसला असणार?’ मेलीला बघायचं कसं तेच कळत नाही.

हा प्रश्न माझा नव्हे, तुझ्या आईचा. ती चार वर्षं घरात अडकली होती तेव्हा मी बाजारातून आले की आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, इमारतीतल्या चौकापलीकडून मला विचारायची, ‘एन्कार्ना, आज रंग कुठला?’ आणि मी सांगायचे. शिशासारखा, शेवाळासारखा, आज नुसताच फेस. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. तेव्हा मला वाटायचं, मी केवढी चांगली मैत्रीण आहे!

तर आता हेनारोचा कागद. वीस नोव्हेंबरला आपल्या इमारतीची सभा आहे आणि तीत लिफ्टचं ठरायचंय. घरं सात. आम्ही तिघं हो म्हणणारे, हेनारो आणि त्याचे दोघं नाही म्हणणारे. लिफ्ट चौकात उभी राहिली की त्याच्या दुकानामागची माल ठेवायची जागा जाते, म्हणून त्याचा एवढा जीव वरखाली होतोय. सातवं मत तुझं. तू तीन तारखेला यायच्या आत तुझं मत त्याच्या खिशात जावं, तुझ्या वतीने त्यानेच हात वर करावा, म्हणून तो कागद. तू लिहिलंस, ‘हेनारोकाका किती आपुलकीने बोलले! आणि आईलाही कधी लिफ्ट नकोच होती, ती स्वतः मला म्हणाली होती, तेव्हा सही करून टाकते.’ अगं, तिला हवी होती. मिळणार नाही हे कळल्यावर ती ‘मला नकोच’ म्हणायला लागली. तुझी आई होतीच तशी. बाजारात शेवटचा मासा दुसऱ्याने उचलला तर म्हणायची, ‘तो शिळाच होता.’

सहा वर्षांपूर्वी हीच सभा झाली होती. तुझ्या आईला तेव्हा काठी लागायची, पण उतरत होती. त्या आठवड्यात आम्ही दोघी बोलत नव्हतो. कारण ऐकशील तर हसशील. माझ्या दोरीवर माझा निळा टेबलक्लॉथ वाळत होता, लग्नातला, आणि वरच्या दोरीवर तिने टाकलेल्या ओल्या चादरींतून ब्लीच ठिबकून त्यावर पांढरे डाग पडले. मी ओरडले, ‘डोळे आहेत की बटणं?’ ती म्हणाली, ‘एवढं जपायचं होतं तर कपाटात ठेवायचास!’ आणि खिडकी आपटली. चार दिवसांनी सभा. खाली चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. गुडघे फार दुखत होते म्हणून रेमे आली नाही, पहिल्या मजल्यावाल्याबरोबर चिठ्ठी पाठवली, ‘माझं मत हो.’ तिचं एक, बाहेरगावी राहणाऱ्या दोन मालकांची दोन, असे तीन हो. हेनारो धरून तीन नाही. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझे पाय तेव्हा धड होते. माझ्या खिडकीसमोर लोखंडाचा खोका उभा राहणार, उजेड जाणार, असं मी मोठ्याने म्हटलं. मनात मात्र तो टेबलक्लॉथ होता. मनात म्हटलं, उतर की काठी टेकत, तोंड तर चांगलं चालतंय! आणि ‘नाही’ला हात वर केला.

तिसऱ्या दिवशी तीच वाडगाभर चण्याचा रस्सा घेऊन माझ्या दारात उभी. ‘पुरे आता, गिळ,’ म्हणाली. मी घेतला. सभेचा कागद सगळ्यांच्या पेटीत टाकला होता, कोणी काय मत दिलं ते नावानिशी. तिची टपालपेटी मीच उघडायचे, तिची पत्रं मीच वर आणायचे. तो कागद मी वर आणला, पण तिला दिला नाही. ‘काय झालं गं सभेत?’ तिने विचारलं. मी म्हणाले, ‘ठरवूनच आले होते मेले. माझ्या एकटीचा हात काय करणार?’ तिने माझा हात हातात घेतला. पुढच्या हिवाळ्यापासून ती खाली उतरू शकली नाही. पुन्हा सभा बोलवा म्हणून मी कोणालाही म्हणू शकले असते. पण मग जुना कागद निघाला असता. चार वर्षं मी तिला समुद्राचे रंग सांगितले. ती उतरली ती शवपेटीतूनच, आणि तिसऱ्या वळणावर पेटी फिरेना म्हणून ती उभी करावी लागली, ते तू बघितलंसच. रस्त्यावर कार्निव्हलचे ढोल वाजत होते.

तिच्या शेवटच्या नाताळात तिने मला एक टेबलक्लॉथ दिला. निळा, कडेने पांढरं भरतकाम, दोन वर्षं बसून हाताने केलेला. म्हणाली, ‘डागांची भरपाई. आणि माझ्यासाठी एक तरी हात वर झाला ना, त्याचीही.’ मी तो एकदाही अंथरला नाही.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. निएवेस, मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी अडकलेय एवढंच कळवलं असतं तर तू हेनारोचा कागद फाडला असतास. आल्या आल्या पोरी मला आजी म्हणाल्या असत्या, पाव घेऊन वर धावल्या असत्या, आणि वीस तारखेला माझ्यावरच्या मायेने तुझा हात आपसूक वर झाला असता. लिफ्ट झाली असती. समुद्र दिसला असता. मला किती हवंय ते, कसं सांगू? पण तुझ्या घराण्याकडून खोटं बोलून एक टेबलक्लॉथ मी घेतलाय, दुसरा घेववत नाही. सभेचा तो कागद सोबत पाठवतेय, माझं नाव चौथ्या ओळीत आहे. तो वाच, आणि मग हेनारोच्या कागदाचं काय करायचं ते तुझं तू ठरव. सही केलीस तरी तीन तारखेला तुमची शेगडी पेटलेली असेल, रस्सा तयार असेल, आणि किल्ली दाराला असेल. माझं दार तू वाजवलंस तरच मी उघडेन. तुझ्या आईचा टेबलक्लॉथ मी आज तुमच्या गोल टेबलावर अंथरून आलेय, तिथेच शोभतो तो. सकाळपासून हे पत्र तीनदा टोपलीत घालून खाली सोडलं आणि तीनदा दोरी वर ओढली. आता खाली सोले उभी आहे, हात वर करून म्हणतेय, ‘मावशी, सोडतेस की नाही?’

सोडतेय.

अजून म्हणू देशील, तर तुझीच
एन्कार्ना मावशी